भावाचा आजार आणि बहिणीचा

नोकरीला लागले तेव्हा माझी एक समजूत होती. आजार माणसाला होतो, तो पुरुष आहे की बाई याच्याशी आजाराला काही देणंघेणं नसतं. बाळंतपणाचं तेवढं सोडायचं, बाकी सगळं सारखं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं तेही साधारण असंच. ही समजूत माझ्या डोक्यातून काढून टाकली ती एका कोळणीनं. तिला अक्षरओळख नव्हती आणि मी तिला आठ महिने चुकीचं औषध पाजत होते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. नागाव आणि रेवदंड्याच्या मधल्या एका गावात सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यांना वाचायलाही येतं आता. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि पुढे पडवी. आत डॉ. गुप्ते, मी आणि एक कंपाउंडर. कपाटात मोठमोठ्या बाटल्या. अशक्तपणाला लाल औषध, पोटाला पांढरं, खोकल्याला काळं. याच्या पलीकडचा आजार असला की डॉक्टर चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "मुंबईला न्या." चष्मा पुसायला घेतला की नातेवाइकांचे चेहरे उतरत.

माझं काम बाळंतपणांचं, मलमपट्टीचं आणि सुया टोचण्याचं. सुया तेव्हा फेकून द्यायच्या नव्हत्या. काचेच्या पिचकाऱ्या आणि पोलादी सुया स्टोव्हवर पाण्यात उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासून धार काढायची. माझ्या सुईला फार दुखत नाही असा माझा पंचक्रोशीत लौकिक होता. तो मी आजही कमी करून सांगत नाही.

तर जोमाची गोष्ट. जोमा आमच्या कोळीवाड्यातल्या नाखव्याचा मुलगा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. वय सव्वीस-सत्तावीस, छाती अशी की सदऱ्याची वरची बटणं कधी लागली नाहीत. हा जोमा एका हिवाळ्यात जाळं ओढता ओढता खाली बसला. मग रोजच बसायला लागला. जेवण जाईना, उलट्या होऊ लागल्या, आणि एक दिवस किनाऱ्यावरच बेशुद्ध पडला. दहा-बारा जणांनी त्याला शिडाच्या कापडात घालून आमच्या पडवीत आणला. मागून सगळा कोळीवाडा.

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला आणि चष्मा पुसायला काढला.

नाखव्यानं "का?" म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचनं चार गडी जोमाला घेऊन मुंबईला निघालेसुद्धा. धक्क्यावर बायका देवीला नवस बोलत होत्या. महिनाभरानं जोमा स्वतःच्या पायांनी लाँचमधून उतरला. सोबत गोळ्यांचा एक डबा आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी.

चिठ्ठी वाचून डॉक्टर हरखून गेले. हा आजार त्यांनी पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता. त्यांनी मला समजावून सांगितला तो असा. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. ती एक रस रक्तात सोडते. त्या रसामुळे अंगातलं मीठ अंगात टिकतं आणि ताप, जखम असं काही संकट आलं तर शरीर त्याला तोंड देतं. ही ग्रंथी वाळली की मीठ लघवीवाटे वाहून जातं, रक्तदाब घसरतो, कातडी काळवंडते, आणि एखाद्या साध्या तापातसुद्धा माणूस जातो. अगदी विरळा आजार. नुकतंच त्याच्यावर कॉर्टिझोन नावाचं औषध निघालं होतं. ते रोज घ्यायचं, जन्मभर घ्यायचं, ताप आला तर दुप्पट घ्यायचं, आणि मीठ भरपूर खायचं. आजाराला कुणा इंग्रज डॉक्टरचं नाव आहे, पण ते कोळीवाड्यात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे त्याला 'मिठाचा आजार' म्हणू लागले.

औषधानं जोमा असा काही उभा राहिला की गावात त्या सुईची कीर्ती झाली. गोळ्यांबरोबर सुरुवातीला काही दिवस सुईही होती, ती मी द्यायची. जहाजावरची नोकरी करून परतलेले एक हाजीचाचा शेजारच्या मोहल्ल्यात राहत. ते एके दिवशी बाही वर करून माझ्यासमोर बसले. "बाय, ती जोमाची सुई मना पन मारा. तिसरा निकाह कराचा हाय." त्यांना लाल औषधावर परत पाठवताना मला फार कष्ट पडले.

जोमा सुईला यायचा तेव्हा त्याचा डबा हातात धरून त्याची बहीण यायची. तिचं नाव चांगुणा. जोमापेक्षा चार वर्षांनी लहान. खाडीपलीकडे दिलेली, पण लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नाही, दिवसभर पडून राहते, रंग काळा पडला, असं म्हणून सासूनं तिला माहेरी आणून सोडली होती. नवऱ्यानं नाही, सासूनं. नवरा रामा मुकाट माणूस होता. ती पडवीच्या भिंतीला टेकून उभी राहायची. बसलेली असली तर उठताना भिंत धरायची. एकदा मला म्हणाली, "बाय, मना पन लय चक्कर येते. हातपाय गलतान."

मी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि लाल औषधाची बाटली भरून दिली. बायकांना अशक्तपणा असतोच. सुकी मासळी वाळत घालायची, पाणी भरायचं, वर सासरी टाकलेली म्हणून मनाला घोर. डॉक्टरांनाही मी सांगितलं. तेही म्हणाले, "रक्त कमी असेल. लाल औषध चालू ठेवा." असे आठ महिने. जोमा पडला तेव्हा त्याला उचलायला दहा माणसं धावली, कारण तो पडला की होडी थांबत होती. चांगुणा पडली तर मासळी दुसरी कुणीतरी वाळत घालत होती.

मग एक दिवस ती एकटीच आली. जोमा समुद्रावर होता. माझ्यासमोर बसून खाली बघत म्हणाली, "बाय, पाली येत नाय. चार महिने झाले. दिवस गेलं का बघा." तिच्या बोलण्यात आशा होती, म्हणून मी तिला आतल्या खोलीत नेऊन नीट तपासायचं ठरवलं. तोवर कधी नीट तपासलंच नव्हतं.

दिवस गेलेले नव्हते. पण चोळी काढल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या काखेत एकही केस नाही. दहा वर्षांच्या मुलीसारखं सगळं अंग.

"हे असं कधीपासून गं?"

ती शरमेनं भिंतीकडे वळली. "लग्नाच्या वक्ताला व्हते. मग गलले. सासू बोलली, ह्ये लक्षन वाईट. असल्या बाईला पोर व्हत नाय."

मी तिचे तळहात उलटून पाहिले. रेघा काळ्या होत्या, जणू कोळशाच्या काडीनं काढलेल्या. ओठ उलटून पाहिला तर हिरडीवर जांभळे-काळे डाग. हे डाग मी जोमाच्या तोंडात पाहिले होते. पण जोमाच्या अंगावर केस भरपूर होते. त्याच्या चिठ्ठीत केसांविषयी एक शब्द नव्हता. म्हणून मला खात्री वाटेना. मी तिला तिथंच बसवून डॉक्टरांकडे गेले आणि जे पाहिलं ते सांगितलं.

डॉक्टर उठले. मग कपाटावरचं जाड पुस्तक काढून धूळ झटकून वाचत बसले. मी समोर उभी. शेवटी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, ऐका. अंगावरचे हे केस ज्या रसामुळे येतात, तो पुरुषाच्या शरीरात दुसरीकडेही तयार होतो. त्यामुळे ही ग्रंथी वाळली तरी पुरुषाचे केस जात नाहीत. बाईला तो मुख्यतः याच ग्रंथीतून मिळतो. म्हणून बाईचे जातात." त्यांनी पुस्तक मिटलं. "आपण जोमाचा आजार शिकलो आणि तिच्यात जोमाला शोधत बसलो."

त्यांनी चांगुणाचा रक्तदाब निजवून घेतला, मग उभं करून घेतला. उभी राहताच पारा इतका खाली आला की मीच तिला दोन्ही हातांनी धरलं. ती माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "मना भावाचाच आजार हाय. मना ठाव हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? जोमाला मिठाचं पानी देत होते ना पयल्यांदा, तवा तांब्यात उरलं ते मी प्याले. दोन घटकांत डोकं उतरलं. मग रोजच प्याया लागले. सासरी व्हते तवा पन सुका बोंबील धुता धुता मीठ चाटायची मी. सासू बोलायची चोट्टी." ती हसली. "बाबांना बोलले, मना पन मुंबईला न्या. बाबा बोलले, एका घरात दोघांना कसा व्हईल?"

तिनं निदान केलं होतं, आमच्या आठ महिने आधी. तिच्याजवळ पुस्तक नव्हतं, रक्तदाबाचं यंत्र नव्हतं, एक तांब्या होता. हे मी पुढे कितीतरी शिकाऊ नर्सना सांगितलं आहे. सांगताना माझा वाटा वगळलेला नाही.

तिला मुंबईला न्यायला चार गडी काही मिळाले नाहीत. हंगाम होता. मी रजा काढली आणि लाँचनं तिला घेऊन गेले. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना आधी पटेना. मग तिचं रक्त, लघवी तपासून तेच चार विद्यार्थ्यांना बोलावून तिचे तळहात दाखवू लागले. ही ग्रंथी बहुतेकदा क्षयानं वाळते, पण क्षय दोघांनाही नव्हता. हा आजार क्वचित एकाच घरात असा उतरतो, म्हणाले. पंधरा दिवसांनी आम्ही परतलो तेव्हा चांगुणा धक्क्यापासून घरापर्यंत कुठं न बसता चालत आली. वाटेत तीनदा मागे वळून मला म्हणाली, "बाय, हलू चालता तुमी."

आता एकाच घरात एक आजार, एक औषध, दोन डबे. आणि दोन तऱ्हा.

चांगुणानं गोळी कधी चुकवली नाही. सकाळी चुलीत जाळ घालण्याआधी एक, दुपारी मासळी उलटून आली की एक. तापात दुप्पट हे तिनं एकदा ऐकलं ते कायमचं. शेजारणींना गोळा करून सांगून ठेवलं, "मी ओकायला लागले आन् उठले नाय, तर अंगात आलं म्हनून धूप घालू नका. उचला आन् दवाखान्यात टाका." घरी, शेजारी, मासळीबाजारात, ज्याला त्याला तिचा आजार पाठ.

जोमा मात्र आपला आजार कुणाला दिसू देत नसे. होडीवर सहा-सात खलाशी. त्यांच्यासमोर नाखव्याच्या मुलानं डबा काढून गोळी खायची, हे त्याला लाजिरवाणं वाटे. एकदा मी खडसावलं तर म्हणाला, "बाय, मी काय म्हातारा हाय का गोल्या खायाला? बगा हा दंड." दंड खरोखरच बघण्यासारखा होता. आणि सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं होतं, की तू आता बरा झालास. चांगुणाला असं कुणीच सांगितलं नव्हतं.

नारळी पौर्णिमेनंतरचा हंगाम. होड्या सहा-सहा दिवसांसाठी बाहेर जात. जोमा सकाळच्या भरतीला निघाला. दुपारी चांगुणाला फळीवर त्याचा डबा दिसला. ती डबा घेऊन बंदरावर धावली. होडी कधीच खाडीचं तोंड ओलांडून गेली होती. तिनं तिथं जो कोणी होता त्याला हात जोडले. शेवटी दोघा चुलतभावांनी छोटी होडी काढली. ते दोन दिवस समुद्रात शोधत फिरले. जोमाची होडी वारा बघून उत्तरेकडे गेली होती, ते दक्षिणेला शोधत राहिले.

चौथ्या दिवशी जोमाची होडी परतली. त्याला ताप आला होता, तो दोन दिवस पडून होता, खलाशांना वाटलं थकून झोपलाय. हलवूनही उठेना तेव्हा त्यांनी होडी वळवली. त्याचा आजार काय आणि त्यावर काय करायचं, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. बंदरावर आणला तेव्हा संपलेला होता. डॉक्टर धावत गेले, नाडी पाहिली आणि वाळूतच बसले. मी त्यांना तसं बसलेलं त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. चांगुणा डबा पोटाशी धरून उभी होती. रडली नाही. खलाशांपैकी एकेकाला विचारत होती, "ताप कवा आला? पानी मागितलं का? मीठ मागितलं का?" एक पोक्त खलाशी म्हणाला, मागितलं होतं. खारे मासे कच्चेच चघळत होता, आम्ही हसलो. मग तो माणूस डोक्यावर हात मारून घेत रडायला लागला आणि चांगुणानंच त्याला उठवलं.

नाखवा त्यानंतर होडीवर गेला नाही.

सहा-सात महिन्यांनी रामा, चांगुणाचा नवरा, दवाखान्यात आला. कोपऱ्यात तासभर उभा राहिला. सगळे गेल्यावर म्हणाला, "बाय, तिला घरी न्यायची हाय. गोली ओकली तर सुई लागंल, ती टोचाया मना शिकवा." आईला काय सांगितलंस, असं मी विचारलं. "सांगितलं, ती येनार. तुला नको असंल तर मी वेगला ऱ्हातो." हे वाक्य जुळवायला त्याला तीन वर्षं लागली असतील, पण जुळवलं. मी त्याला कच्च्या पपईवर सुई टोचायला शिकवली. पहिल्या दिवशी तिसऱ्या पपईला त्याला घाम फुटला. महिन्याभरात हात बसला. मग चांगुणा स्वतः येऊन तपासून गेली. दंड पुढे करून म्हणाली, "टोच. बगू."

औषधानं तिची पाळी सुरू झाली होती. वर्षाच्या आत तिला खरोखरच दिवस गेले. गाव खूश, सासूसुद्धा तूप घेऊन हजर. फक्त डॉक्टर गुप्ते घाबरले. बाळंतपणात निरोगी बाईची ती ग्रंथी कितीतरी पट रस सोडते, म्हणून ती ते कष्ट सोसते. चांगुणाजवळ ती सोयच नव्हती. जे काही द्यायचं ते आम्ही बाहेरून सुईनं द्यायचं, मोजून, वेळेवर. कमी पडलं तर रक्तदाब कोसळणार आणि आई-मूल दोघं जाणार. पुरुषाला हा आजार झाला तर त्याला अशा परीक्षेला कधी बसावं लागत नाही. मुंबईला पत्र गेलं, उत्तर आलं: एक महिना आधी इथं आणून ठेवा. तोवर जवळ असावं म्हणून इस्पितळानं सुयांच्या थोड्या कुप्याही पाठवल्या.

ठरलं तसं काही झालं नाही. आषाढात चार दिवस वादळ होतं, लाँच बंद, रस्त्यावर दोन ठिकाणी पाणी. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला रामानं तिला माहेराहून खांद्यावर उचलून आणली. कळा सुरू झाल्या होत्या, पाच आठवडे आधी.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मुंबईला न्या म्हणायची सोय नव्हती. म्हणाले, "बाई, कुप्या किती?"

"सहा."

"आणि सलाइनच्या बाटल्या?"

"कॉलऱ्यासाठी ठेवलेल्या तीन."

मी पिचकाऱ्या उकळायला ठेवल्या. पहिली सुई लगेच दिली. दर अर्ध्या तासाला मी रक्तदाब घेत होते, डॉक्टर लिहीत होते. अकरा वाजेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग एका कळेनंतर चांगुणानं माझं मनगट धरलं. "बाय, सुई द्या."

मी घड्याळ पाहिलं. पुढच्या सुईला अजून दीड तास होता. रक्तदाब दहा मिनिटांपूर्वीच घेतलेला, बरा होता. कुप्या मोजक्या. मी म्हटलं, "अजून वेळ आहे गं."

"वेल नाय. कान वाजतान. जोमा पडला तवा मी पन पडले व्हते, तुमाला ठाव नाय. मना कलतं. आता द्या."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर माझ्याकडे. आठ महिने आम्ही तिचं ऐकलं नव्हतं, त्याचा हिशेब दोघांच्याही मनात एकदमच आला असावा. "द्या," ते म्हणाले. मी सुई टोचली आणि लगेच रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. पारा घसरत घसरत चालला होता. औषध आत गेलेलं असताना तो घसरत होता. डॉक्टरांनी शीर धरून सलाइन सुरू केलं. बाटली लटकवायला खुंटी नव्हती, रामा ती हात वर करून धरून उभा राहिला. हळूहळू, फार हळू, पारा थांबला. मग वर सरकला.

त्यानंतर आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं. तिला विचारत गेलो. "कान?" "नाय वाजत." "डोळ्यांपुढे?" "साफ हाय." आणखी दोनदा तिनं स्वतः सुई मागितली, दोन्ही वेळा बरोबर होती. दुपारी तीनच्या सुमाराला मुलगी झाली. बारीक, पण रडणारी. वार पडल्यावर पुन्हा एक घसरण झाली, तेव्हा पाचवी सुई दिली आणि शेवटची बाटली लावली. एक कुपी उरली. रामाचे दोन्ही हात अजून वरच होते, त्याला बाटली सोडायला सांगायचं आम्ही दोघंही विसरलो होतो.

तिची आणि मुलीची प्रकृती पाहायला डॉक्टर आठवडाभर रोज तिच्या खाटेपाशी बसत. जाताना एकदा मला म्हणाले, "मी पदवी घेतली तेव्हाही इतकं शिकलो नव्हतो." फुशारकी मारणारे ते नव्हते आणि नम्रतेची तर त्याहून कमी सवय होती.

पुढे चांगुणा मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरू लागली आणि आमचं काम वाढलं. कुठं एखादी सून थकलेली दिसली, चक्कर येते म्हणाली, की ही तिला हाताला धरून पडवीत आणणार आणि मला बजावणार, "हिला आत नेऊन बगा. लाल बाटली देऊन घालवू नका." मिठाचा आजार त्यांतल्या एकीलाही निघाला नाही, निघणारही नव्हता. पण दोघींना क्षय निघाला, एकीचं हृदय बिघडलेलं निघालं, आणि त्या वेळेत सापडल्या. मी बाईमाणसाला आधी निजवून आणि मग उभं करून तपासायला शिकले, ते असं.

एकदा चौलच्या जत्रेहून परतताना ती दवाखान्यात आली. उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. सोडून दाखवलं तर मनगटापासून कोपरापर्यंत ताजं गोंदण, सुजलेलं. कोळ्यांच्या बायका हातावर तुळस, मोर गोंदवून घेतात. हिनं अक्षरं गोंदवली होती. डॉक्टरांकडून आदल्या आठवड्यात तिनं एका कागदावर काहीतरी लिहून घेतलं होतं, ते कशासाठी हे त्यांनाही माहीत नव्हतं. गोंदणारीनं ते पाहून पाहून उतरवलं होतं. 'मिठाचा आजार. कॉर्टिझोन टोचा.' 'झो'ची मात्रा राहिली होती.

"अगं, कागद जवळ ठेवायचास!"

"कागद भिजतो," ती म्हणाली. "जोमासंगं सात मानसं व्हती, बाय. एकाला ठाव नव्हतं."

साठ साल उलटल्यावर माझी अलिबागला बदली झाली. तिथल्या एका दवाखान्यात एके दिवशी सकाळी मी पोचले तो पडवीत गर्दी. बाजारात एक कोळीण उलट्या करून कोसळली होती, कुणीतरी टांग्यात घालून आणली होती. नवा, कोवळ्या चेहऱ्याचा डॉक्टर तिच्यावर वाकला होता. मी गर्दीतून वाट काढून पुढे जाईपर्यंत त्यानं तिची बाही वर सारून हात वाचला होता, तो कपाटाकडे धावला होता आणि सुई भरतही होता. मी कोण, तिला कशी ओळखते, हे सांगायची वेळच आली नाही. त्याला माझी गरज नव्हती. मी सलाइनची बाटली धरली.

तासाभरानं चांगुणानं डोळे उघडले. मला पाहून तिला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. तरुण डॉक्टर तिच्या हाताकडे बोट दाखवून मला विचारत होता, "सिस्टर, हे कोणी सुचवलं हिला? कोणत्या डॉक्टरांनी?"

"डाक्टरनी नाय," ती पडल्या पडल्या म्हणाली. मग कोपरावर रेलून बसायला लागली. मी निजवू गेले तर माझा हात बाजूला सारला. "माझी पाटी कुठं हाय? वर पापलेट व्हतं."

तो डॉक्टर स्वतः बाहेर गेला आणि गर्दीत विचारून तिची पाटी घेऊन आला.